वाळलंय, पण किती?

सोलापुरातल्या कुठल्याही वखारीत जा आणि विचारा, "लाकूड वाळलेलं आहे ना?" उत्तर ठरलेलं असतं: "एकदम कडक!" आमच्या वखारीतही सासऱ्यांच्या काळापासून हेच उत्तर दिलं जायचं, आणि देणाऱ्याच्या मनात खोट नसायची. हाताला कोरडं लागतं, वाजवलं की टणटण आवाज येतो, मग वाळलेलंच की. आता गल्ल्यावर मी बसते आणि गिऱ्हाइकालाच उलटा प्रश्न करते: वस्तू कुठं ठेवणार? इथंच, जुळे सोलापूरला? पुण्याच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे? का रत्नागिरीला? लोकांना वाटतं ही बाई गाडीभाड्याचा हिशेब करतेय.

हिशेब असतोच, पण पाण्याचा. हा हिशेब मी वखारीत शिकले नाही, माहेरी शिकले. अप्पा मिलमध्ये टेस्टिंगला होते. सुताच्या लडीचं वजन करायचं, ती ओव्हनमध्ये घालून वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायची, परत वजन करायचं, आणि गेलेल्या पाण्याला कोरड्या वजनानं भागायचं. त्याला ते 'रिगेन' म्हणत. कापसासाठी व्यवहारात ८.५ टक्के धरतात, म्हणजे १०० किलो ठणठणीत कोरड्या सुतावर साडेआठ किलो पाणी मान्य, त्याच्यावर असेल तर तुम्ही पाणी विकत घेताय. सुताचं गाव असल्यानं हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ होता. लग्नानंतर कधीतरी लाकडाच्या ओलीबद्दल वाचायला घेतलं तर तेच सूत्र समोर आलं. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले १००.

भागायचं कोरड्या वजनानं, ही गोष्ट नीट लक्षात ठेवायची. समजा फळीचा तुकडा ८६ ग्रॅम भरला आणि पूर्ण वाळल्यावर ५५ ग्रॅम राहिला. पाणी गेलं ३१ ग्रॅम. ३१ ला ५५ नं भागलं की ओल येते ५६ टक्के. कुणी ८६ नं भागून ३६ टक्के सांगतं, आणि मग दोघं एकाच तुकड्यावरून भांडत बसतात. कोरड्या वजनानं भागल्यामुळेच काटेसावरीसारख्या हलक्या लाकडात ताज्या तोडीला हा आकडा शंभराच्या वर जाऊ शकतो. ऐकणाऱ्याला ती थाप वाटते. लाकडापेक्षा पाणी जड, एवढाच त्याचा अर्थ.

आता हे सगळं पाणी सारखं नसतं. लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांच्या पोकळीत जे मोकळं पाणी असतं ते आधी जातं. ते जात असताना वजन भराभर उतरतं, पण फळीचं माप तसूभरही बदलत नाही. साधारण २८ ते ३० टक्क्यांवर पोकळ्या रिकाम्या होतात आणि पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी निघायला लागतं. इथून पुढं लाकूड आटतं. सगळ्या खोड्या या टप्प्यातल्या: वाकणं, पीळ पडणं, भेगा, दाराला फट. आणि आटणंही सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ शून्य. रुंदीत मात्र फळी खोडातून कशी चिरली त्यावर अवलंबून. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत साग खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेनं ५.८ टक्क्यांच्या आसपास आटतो आणि गाभ्याकडून सालीच्या दिशेनं २.५ टक्के. एक फूट रुंद, खोडाच्या कडेनं चिरलेली सागवान फळी २० टक्क्यांवरून ८ वर आली तर सुमारे ७ मिलिमीटर अरुंद होते. तीच फळी गाभ्यातून उभी चिरलेली असती तर ३. टेबलाच्या टॉपला सात मिलिमीटर कुठून आणायचे? आणि साग या बाबतीत सज्जन आहे. बाकीची बरीच लाकडं त्याच्याहून द्वाड.

मग किती वाळवायचं? लाकडाला स्वतःचा असा आकडा नाही, तो हवेचा आकडा असतो. आपली कडक भाकरी जशी मे महिन्यात खुंटीला टांगली तरी कडकच राहते आणि भाद्रपदात डब्याचं झाकण उघडं राहिलं की वातड होते, तसंच. हवेतल्या दमटपणाशी तडजोड होईपर्यंत लाकूड पाणी सोडतं किंवा घेतं. पारा चाळिशी ओलांडलेला आणि हवेत वीस टक्के आर्द्रता, अशा मे महिन्यातल्या दुपारी ती तडजोड ४ टक्क्यांच्या जवळ होते. सप्टेंबरात, आपल्याकडचा खरा पाऊस तेव्हाच, हवेत ८० टक्के दमटपणा असला की साडेपंधरा-सोळावर. पातळ पट्टी या दोन टोकांमध्ये दर वर्षी हेलकावे खाते. जाड लाकूड मंद असतं, ते निम्म्या वाटेतूनच परत फिरतं. म्हणून सोलापुरातल्या घरासाठी मी फर्निचरचं लाकूड ८ ते १० टक्क्यांवर आलं की कापायला देते. कोकणात जाणारं असेल तर एवढं वाळवणं म्हणजे उलट पायावर धोंडा पाडून घेणं. तिथं ते पाणी पिऊन फुगणार आणि घट्ट बसवलेला खण पावसाळाभर उघडणार नाही.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. भारतीय मानक आयएस २८७ नं देशाचे हवेतल्या सरासरी आर्द्रतेप्रमाणे चार विभागच पाडलेत: ४० टक्क्यांखालचा, ४० ते ५०, ५० ते ६७ आणि त्याच्या वरचा. प्रत्येक विभागात दाराला किती, फर्निचरला किती ओल चालेल हे वेगवेगळं दिलंय. आश्चर्य याचं वाटतं की हजारो रुपयांचं सागवान घेणारा माणूस हा आकडा कधीच विचारत नाही. टाईल्सचा डाग मात्र भिंग लावून बघतो.

आता माझं खरं म्हणणं. लाकडाबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं त्यात बहुतेक सगळं 'लवकर कसं वाळवावं' याबद्दल असतं. आपल्याकडे ती अडचण नाहीच. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली, ऊन तापायला लागलं, की मार्चपासून सोलापूरची हवा स्वतःच भट्टी होते. इथं लाकूड वाळण्यापासून आवरावं लागतं. मोजायचं ते त्यासाठी.

नवीन चिरलेली फळी एप्रिलच्या वाऱ्यात उघडी ठेवली की तिची वरची कातडी दोन-चार दिवसांत कोरडी होते. आत ओल तशीच. कातडीला आटायचंय, आतला ओला भाग तिला आटू देत नाही, मग ती ताणली जाते. ताण सोसला नाही तर तडकते. सोसला तर त्याच ताणलेल्या मापात घट्ट होऊन बसते, आणि हे जास्त वाईट. कारण पुढं आतलं लाकूड वाळून आटायला लागतं तेव्हा बाहेरची कवची हलायला तयार नसते. आत पोकळ भेगा पडतात, वरून फळी गुळगुळीत, सुरेख. कारागीर रंधा मारतो, पॉलिश करण्यासारखी चमक येते, आणि मधोमध करवत घातली की आत फाटलेलं. किंवा भेगा नसल्या तरी ताण अडकलेला असतो, फळी उभी चिरताना दोन्ही भाग करवतीचं पातं चिमटीत धरतात. गेल्या वर्षी बाहेरून आलेल्या एका गाडीतला बराच माल असाच निघाला. 'सीझन्ड', म्हणजे नीट वाळवलेलं, असं बिलावर लिहिलेलं होतं, आणि ओल मोजायच्या मीटरवर आकडाही बरोबर होता. वाळवणाऱ्यानं घाई केली होती.

ही घाई पकडायची एक साधी चाचणी आहे. फळीच्या टोकापासून हात-दीड हात आतून, रुंदीत आडवी, बोटभर जाडीची चकती कापायची. तिच्या मधला भाग करवतीनं काढून टाकायचा, म्हणजे वरच्या आणि खालच्या पृष्ठाची दोन बोटं एका बाजूला जोडलेली उरतात, चिमट्यासारखा आकार येतो. बोटं सरळ राहिली तर ठीक. एकमेकांकडे झुकली तर कातडीत ताण अडकलाय. एक मात्र सांभाळायचं: आत ओल बाकी असेल तर बोटं कापल्या-कापल्या सरळ दिसतात आणि रात्रभरात झुकतात. म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी. आमचे मिस्त्रीमामा या बोटांना 'पंचांग' म्हणतात.

मिस्त्रीमामांबद्दल सांगायलाच हवं. त्यांची मोजायची रीत वेगळी. फळी एका टोकाला उचलून वजन जोखतात, तिचं तोंड गालाला लावून गार लागतं का बघतात, रंध्यातून निघणारी साल बोटांत चुरगळतात. नियम एकच: "वहिनी, एक पावसाळा आणि एक उन्हाळा खाल्लेलं लाकूड खोटं बोलत नाही." सव्वा इंचापर्यंतच्या फळीला हा नियम आपल्या हवेत चालतो, मी ओव्हननं तपासलंय. अडीच इंची चौकटीच्या लाकडाला नाही. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट लागत नाही, तिपटीच्या घरात जातो. गाल सांगतो तो वरच्या कातडीचा हाल. हे मामांना पटायला वेळ लागला. पटलं तेही पूर्ण नाही.

बाभळीच्या बाबतीत मात्र मामांचं ऐकावं. आपल्या भागातलं हे हक्काचं लाकूड, बैलगाडीची चाकं, औतं सगळं त्याचंच. पूर्वी तोडलेली बाभूळ महिनोन्महिने विहिरीत नाहीतर ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवत. वाळवायचं लाकूड पाण्यात कशाला, असं मला नवीन असताना वाटायचं. पाण्यात राहिल्यानं पांढऱ्या कडेतला पिष्टाचा अंश बराच निघून जातो, आणि भुसा पाडणारी कीड त्या पिष्टासाठीच येते. शिवाय उन्हाळाभर पाण्याखाली राहिलेलं लाकूड तडकत नाही. म्हणजे आवरून धरणं जुन्या लोकांनाही ठाऊक होतं, मीटर नसताना. आता विहिरींनाच उन्हाळ्यात पाणी नसतं, तिथं ओंडका कुठं बुडवणार.

मीटर. हा विषय निघाला की लोकांचे डोळे चमकतात, कारण तो विकत मिळतो. दोन सुयांचा मीटर दोन सुयांमधून वीज किती सहज जाते ते बघतो. ओल जास्त तर वीज सहज जाते. दुसरा बिनसुयांचा, नुसता पृष्ठावर ठेवायचा. तो लाकडाच्या घनतेवर बराच अवलंबून, त्यामुळे सागाला लावलेला आकडा बाभळीला लावता येत नाही. माझ्याकडे सुयांचा आहे. त्याचा आकडा साधारण ७ ते २५-३० टक्क्यांमध्येच भरवशाचा. त्याच्या वर तो फक्त 'ओलं आहे' एवढंच सांगू शकतो, आणि मे महिन्यात आपल्या फळ्यांचं पृष्ठ तर सातच्या खालीच असतं, तिथं तो गप्प.

शिवाय तो गरमीला फसतो. लाकूड तापलं की वीज जास्त सहज जाते, मीटरला वाटतं ओल वाढली. हे मीटर वीस अंशांच्या आसपासच्या तापमानाला जुळवलेले असतात. दर दहा-अकरा अंशांना साधारण एक टक्क्याचा फरक पडतो. पत्र्याच्या शेडमध्ये फळी चाळीस अंशांना तापलेली असते, तेव्हा मीटर १४ म्हणाला तर १२ समजायचं. काही मीटरांत ही दुरुस्ती आतच असते, पुस्तिका वाचून घ्यावी. मी सरळ सकाळी मोजते. लाकडाच्या जातीचंही तसंच. बहुतेक मीटरांचा मूळ आकडा अमेरिकेतल्या डग्लस फरला जुळवलेला, बाकीच्या जातींना तक्ता. माझ्या मीटरच्या यादीत साग आहे, बाभूळ नाही, चिंच नाही, कडुनिंबही नाही. म्हणून बाभळीचे तुकडे एकाच वेळी मीटरनं आणि ओव्हननं मोजून मी स्वतःचा तक्ता केलाय. भिंतीवर चिकटवलाय, त्यावर पॉलिशचे डाग पडलेत. कीड लागू नये म्हणून क्षाराच्या पाण्यात बुडवलेल्या लाकडावर तर मीटर हमखास जास्त दाखवतो.

सुया कुठं टोचायच्या यालाही अर्थ आहे. रेषांच्या दिशेनं, टोकापासून दूर, कारण टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं निघतं, तिथला आकडा नेहमी खुशमस्कऱ्या. खोली जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी ठेवली तर संपूर्ण फळीची सरासरी जवळपास मिळते. आणखी आत मध्यापर्यंत गेलं की गाभ्याची ओल कळते. दोन्ही आकड्यांत फार अंतर असेल तर थप्पीला वारा कमी करायची वेळ झाली.

तरी मला विचाराल तर मीटरपेक्षा काट्यावर माझा विश्वास जास्त. मिलवाल्याची मुलगी, दुसरं काय. थप्पी लावताना तिच्यातली एक फळी नमुन्याला निवडायची. दोन्ही टोकांकडून चकत्या कापून लगेच पिशवीत घालायच्या, वजन करायचं, १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवायच्या, वजन उतरायचं थांबेपर्यंत. घरातला ओव्हन चालतो, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये, वेगळं तापमापक आत ठेवावं. मायक्रोवेव्ह नको, तुकडा आतून जळतो आणि घरभर धूर. समजा ओल ४५ टक्के आली आणि नमुना फळी ९.२ किलो आहे. ९.२ ला १.४५ नं भागलं की तिचं पूर्ण कोरडं वजन येतं, ६.३४ किलो. आता हिला परत कधी कापायची गरज नाही. टोकं रंगवून थप्पीत परत सरकवायची आणि दर आठवड्याला ज्वारीच्या काट्यावर ठेवायची. ७.१ किलो भरली म्हणजे १२ टक्के झाले. न उष्णतेची दुरुस्ती, न जातीचा तक्ता, न बॅटरी संपायची भीती. आणि आठवड्याला किती उतरतंय हे दिसतं, तेच तर हवं असतं. उतार फार वाटला की मी थप्पीच्या पश्चिमेला ओली गोणपाटं टांगायला सांगते. आवश्यक वाटलं तर दुपारचा पडदाही सोडते.

थप्पीचं म्हणाल तर फळ्यांच्या मधे ठेवायच्या पट्ट्या इंचभर जाडीच्या, सगळ्या एकाच मापाच्या आणि एकाखाली एक अशा उभ्या ओळीत. पट्टी सरकली की फळी तिथंच वाकायला शिकते. टोकांना जुना ऑइल पेंट. वर वजन. एवढंच.

टॉवेल निर्यात करणारे एक ओळखीचे मध्यंतरी आले होते. कंटेनर उघडला तेव्हा खालच्या खोक्यांना बुरशी. खोक्यांखालच्या लाकडी पॅलेटवर 'एचटी' शिक्का व्यवस्थित. त्यांचं म्हणणं, शिक्का आहे म्हणजे लाकूड वाळलेलं. नाही. तो शिक्का आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा, त्याचा अर्थ लाकडाचा गाभा ५६ अंशांना सलग ३० मिनिटं राहिलाय, म्हणजे कीड मेलीय. ओल किती याबद्दल त्यात एक अक्षर नाही. लाकूड वीस टक्क्यांच्या वर असेल तर बुरशीला आमंत्रणच, आणि बंद कंटेनरमध्ये ते पाणी खोक्यांत आणि टॉवेलांतच जाणार. पॅलेटवाल्याकडून शिक्क्याबरोबर ओलीचा आकडाही लिहून घ्या, म्हटलं. पॅलेटवाल्यानं भाव वाढवला म्हणे. वाढवू दे.

घर बांधणाऱ्यांसाठीही हेच. आमच्याकडून दहा टक्क्यांची चौकट जाते, गवंडी ती भिंतीत बसवतो आणि मग प्लास्टरवर आठवडाभर पाणी मारतो. चौकट ते सगळं पिते. त्याच सुमारास सुतार झडपा बसवून मोकळा होतो, मापात, सुंदर. एप्रिलमध्ये फोन येतो: "ताई, दाराला फट पडली, लाकूड ओलं दिलं तुम्ही." भिंती पूर्ण सुकल्यावर, रंगाच्या आधी, झडपा शेवटी बसवा. पाणी मारताना चौकटीवर प्लास्टिक गुंडाळा. दीडशे रुपयांचं प्लास्टिक.

आणि जुन्या वाड्याचं सागवान घेणार असाल तरी मोजा. शंभर वर्षांचं लाकूड फिरायचं-वाकायचं ते वाकून झालेलं असतं हे खरं, पण वाडा पाडल्यावर ते पावसात पडलेलं असेल तर त्याचं वय पाण्याला कळत नाही. परवाच एक तुळई आली, मीटरवर १९. विकणारा म्हणे, आजोबांच्या काळची आहे. ती आता शेडमध्ये पट्ट्यांवर आहे. खिळे काढून झालेत, दिवाळीनंतर चिरायला घेऊ.